सहाव्या पिढीचं नाव

मी, कुआंदिक सेरिकबायेव, वय चौसष्ट, राहणार अल्माती, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. यकृताने साथ सोडली असली तरी डोकं शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. 'आयुष्याने मला शिकवलेले धडे' या नावाने मी कॉलेजाकॉलेजांतून ठोकलेली भाषणंही रद्द समजावीत. नोटरीबाई म्हणतात, भाषण रद्द करण्याची कायद्यात तरतूद नाही. नसू दे, तरी लिहा म्हटलं.

१. शहरातला फ्लॅट माझी पत्नी झाउरेश हिला. गेली बारा वर्षं आम्ही एकाच ओट्यावर दोन वेगळे चहा करतो. तिचा चांगला होतो.

२. तालगारजवळची बाग, सफरचंदाच्या अकरा झाडांसह, रायखान ओमारोवा हिला. रायखान माझ्या 'अल्तिन तामिर' कंपनीतली पहिली इंजिनियर. आम्हा कझाकांत लग्न ठरवताना दोन्ही घरचे सात बाप, म्हणजे वडिलांकडच्या सात पिढ्या, मोजतात. सातांत एक जरी सामाईक निघाला तर मुलगा-मुलगी भाऊबहीण ठरतात आणि लग्न मोडतं. पूर्वी हे काम म्हातारे करायचे, आम्ही ते फोनवर आणलं. लोकांनी अक्षरशः उचलून धरलं. पण एकोणीसशे तीसच्या दशकातल्या दुष्काळात आणि हद्दपारीत कित्येक घराण्यांची नावं कायमची गेली होती. दहातल्या चार वंशावळींत मोकळ्या जागा होत्या, आणि भांडवल देणाऱ्यांना पूर्ण वंशावळी हव्या होत्या. मी यंत्राला अंदाजाने नावं भरायला लावली.

रायखान मला अगाय, म्हणजे सर, म्हणायची. ती म्हणाली, "अगाय, भरायचीच तर भरा, पण शेजारी 'अंदाज' असं लिहा तरी. लोक यावर लग्नं ठरवतायत."

मी म्हणालो, "अंदाज दिसला की विश्वास उडाला. आधी बाजार आपला करू, दुरुस्ती मागाहून."

"आणि तुमच्याच घरात आलं म्हणजे?"

त्याच आठवड्यात मी तिला काढली. 'सहकाऱ्यांशी जमवून घेत नाही' असं कारण तिच्या कागदांवर आहे. ते खोटं आहे. ही बाग म्हणजे बक्षीस नव्हे, मी स्वतःला केलेला दंड आहे, असं समजून तिने ती घ्यावी. सफरचंदं आंबट आहेत, हेही आधीच सांगून ठेवतो.

३. त्यानंतर तीन वर्षांत मला माझ्याच कंपनीतून हाकलणाऱ्या संचालक मंडळाला, 'वर्षातील उद्योजक' हे काचेचं मानचिन्ह. ते माझ्याहून हरामखोर होते असं मी फार वर्षं सांगत फिरलो. मानचिन्ह त्यांच्या बैठकीच्या टेबलावर ठेवावं. खाली रबर लावलं आहे, ओरखडे पडणार नाहीत.

४. माझे वडील सेरिकबाय हे शाळामास्तर. सुट्टीत घोड्यावरून गावोगाव हिंडून त्यांनी लोकांचे सात बाप एका वहीत उतरवले. आमच्या कंपनीचा पाया ती वही. जिथे नाव मिळालं नाही तिथे बाबांनी 'ठाऊक नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. मला त्या दोन शब्दांची लाज वाटायची. ही वही माझी मुलगी मारझान हिला. पान त्र्याऐंशी तिने आधी उघडावं.

५. ते पान का, ते लिहितो. रायखानला काढल्यावर आठ महिन्यांनी मारझानने, जिच्याशी लग्न करायचं तिने ठरवलं होतं त्या येल्दोसला, आईवडिलांसह जेवायला बोलावलं. बेशबरमाकचं, म्हणजे उकडलेल्या मांसाचं आणि रुंद शेवयांचं, ताट मध्ये होतं, मेंढीचं डोकं मानाने येल्दोसच्या वडिलांपुढे ठेवलं होतं. मिरवायला म्हणून फोन मीच काढला. सहाव्या पिढीला दोन्हीकडे एकच नाव आलं, एकाच गावचा तोलेबाय.

"अगं बाई, ही तर भावंडं निघाली!" येल्दोसची आई म्हणाली. वडिलांनी हातातली सुरी खाली ठेवली.

मारझानने माझ्याकडे पाहिलं. "पापा, तुमचं यंत्र चुकतं का कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोंद उघडली. आमच्याकडचा तोलेबाय खरा, वहीतला. येल्दोसकडचा यंत्राने भरलेला, त्या गावात ते नाव फार आढळतं एवढ्यावरून. वहीत त्या जागी, पान त्र्याऐंशीवर, 'ठाऊक नाही' असं आहे. चार दिवसांवर भांडवलाच्या करारावर सह्या होत्या. मारझान स्वयंपाकघरात उभी होती. मी तिला म्हणालो, "यंत्र चुकत नाही, बाळा. विसर त्याला."

ती विसरली नाही. येल्दोस अक्ताऊला गेला, तिथेच त्याचं लग्न झालं. मारझान आज एकोणचाळीस वर्षांची आहे. कारागांदात शाळेत शिकवते, एकटी राहते, आणि आपण भावावर प्रेम केलं असं अजून समजते. सणाला फोन करते, तब्येत विचारते. ती माझ्यावर चिडलेली नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

६. यंत्राने भरलेल्या अकरा हजार नावांची यादी वहीच्या पेटीत आहे. माझे उरलेले शेअर विकून रायखानने ती छापावी आणि गावोगाव पोचवावी. कंपनी नाही म्हणेल. म्हणू दे.

७. दफनाआधी इमाम लोकांना विचारतात, "हा माणूस कसा होता?" आणि लोक, मनात काहीही असो, "चांगला होता" म्हणतात. माझ्या वेळी आधी कलम पाच मोठ्याने वाचावं, मग विचारावं. उत्तर एकट्या मारझानने द्यावं. तिथे बायका नसतात हे मला माहीत आहे, तरी तिला बोलवावं. ती गप्प राहिली तर मला गप्प पुरावं. ती आलीच नाही, तर प्रश्न विचारूच नये.

इथवर लिहून मी साक्षीदारांपुढे वाचून दाखवलं. पहिले साक्षीदार गेन्नादी पाक, माझ्याशी तीस वर्षं बुद्धिबळ खेळणारे, यांनी सही करायला नकार दिला.

"म्हणजे पोरीला हे तुझ्या कबरीपाशी, चारशे माणसांत कळणार? मेल्यावर कसली हिंमत दाखवतोस, लेका? तिची शाळा आत्ता सुटली असेल." असं म्हणून त्यांनी स्वतःच तिचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"पापा? बोला ना. बरं वाटतंय का?"

"हो, बाळा. सहजच केला. औषध घेतलं मी."

हेही लिहून ठेवल्याशिवाय सही करणार नाही, असं पाक यांचं म्हणणं पडलं. म्हणून लिहिलं.

मृत्युपत्र करणार: कुआंदिक सेरिकबायेव (सही)

साक्षीदार:
१. गेन्नादी पाक, निवृत्त भूमापक (सही)
२. बिबिगुल नुरताझिना, शेजारी (सही)

ठिकाण: अल्माती
दिनांक: १५ ऑक्टोबर २०२४