तिचा शेवटचा चेंडू

मी, खाली सही करणारा, पिनबॉलची यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला माणूस, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन आहे. दडपण म्हणाल तर तेवढंच.

एक. राहतं घर माझ्या पश्चात थोरल्या मुलाला. छताची गळती त्यानेच काढली, आणि त्यावरून मला वर्षभर ऐकवलंही. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी.

दोन. दुकान, कानस आणि सोल्डरिंग गन धाकट्या मुलीला.

तीन. मागच्या खोलीतलं जुनं पिनबॉलही तिलाच. थोरला त्याला भंगार म्हणतो. त्याने गिऱ्हाईक ठरवलंय आणि ते उद्याच येणार आहे, मी टेबलावर आडवा असताना. गिऱ्हाईक आधी स्टार्टचं बटण दाबून बघणार. बटण दाबलं की गुणांची सगळी चाकं शून्यावर येतात. म्हणून त्या खोलीची किल्ली आजच धाकटीच्या हातात दिली आहे. बटणाची तार सोडवायला मागची फळी उघडली होती, पण आता बारीक तारा नीट दिसत नाहीत. भलताच रिले, म्हणजे आतला विजेचा खटका, दाबला गेला असता तर डाव मोडला असता. फळी परत लावली.

कारण सांगतो. दुकान बंद करताना बायको आणि मी रोज एक डाव खेळायचो. पहिली पाळी माझी, दोन नंबर तिचा. शेवटच्या डावात मी पुढे होतो, तिचा एक चेंडू बाकी होता. तेवढ्यात तिच्या छातीत कळ आली. गाडीत बसता बसता म्हणाली, "हात लावू नका हं यंत्राला. आलेच मी." ती आली नाही. मी प्लग काढला, आणि डाव आत तसाच राहिला. या यंत्राची आठवण चाकांच्या दातांत असते, तिला वीज लागत नाही.

चार. मी या यंत्राला कॉम्प्युटर म्हणतो, म्हणून बायकोचा भाऊ, गणिताचा मास्तर, कित्येक वर्षं माझं डोकं खातो: "भाऊजी, हा कॉम्प्युटर नव्हे. याला एकच खेळ येतो. दुसरा शिकवून दाखवा!" अरे, गुण मोजतं, पाळी कुणाची ते ठरवतं, धक्का मारला तर चेंडू बाद करतं, वीज गेली तरी विसरत नाही. आणखी काय हवं? तो या कागदावर साक्षीदार आहे, त्यामुळे त्याला काही देता येत नाही, हे बरंच झालं. पण आज तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी प्लग लावाल तर सगळं पुसलं जाईल." तसं झालं तर मी मुलीला रिकामं खोकं देतोय. साक्षीच्या सहीआधी त्यानेच प्लग लावून पाहावं. माझ्यात ते धाडस नाही.

पाच. मी गेलो तर तो चेंडू धाकटीने खेळावा. आईनेच तिला शिकवलंय. थोरल्याने शेजारी उभं राहावं. आई जिंकली तर दोघांनी मोठ्याने ओरडावं. मग यंत्र ठेवा नाहीतर विका.

स्थळ: दुकानाची पुढची खोली.
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस.
सही: लिहून ठेवणारा.

साक्षीदार, शेजारचा शिंपी: माझ्यादेखत सही केली. पूर्ण शुद्धीत आहेत, नेहमीसारखे चिडलेले.

साक्षीदार, मेहुणा: हा कॉम्प्युटर नव्हे, हे माझं मत कायम आहे. धाकटीकडून किल्ली घेऊन प्लग लावला. गुण तसेच आहेत. दोन नंबरचा दिवा लागला. ताईची पाळी आहे. बटणाला मी हात लावलेला नाही.