सात मतांच्या पराभवाची नोंद होणेबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
आंबेखोल नगरपरिषद,
जि. रत्नागिरी

अर्जदार : श्रीमती सोनूबाई सखाराम भाटकर, वय ७५, रा. बंदरवाडी
(सांगणार सासू, लिहिणार सून दर्शना)

विषय : सन १९७४ च्या निवडणुकीत अर्जदार रीतसर हरली असून, तो पराभव नगरपरिषदेच्या इतिहासात जसाच्या तसा नोंदवून मिळणेबाबत.

संदर्भ : ‘आंबेखोल नगरपरिषद : निवडणुकांचा इतिहास’, हरकतींसाठी ठेवलेला मसुदा, पान ४१.

महोदय,

आपल्या कार्यालयाने निवडणुकांचा इतिहास छापावयास घेतला, हे उत्तम केले. मसुदा हरकतींसाठी टेबलावर ठेवला, हे त्याहून उत्तम. कारण हरकत आहे.

१. पान ४१ वर वॉर्ड क्र. ३, बंदरवाडी, याबद्दल असे छापले आहे की, ‘या वाडीत आजतागायत एकदाही लढत झालेली नाही. सर्व सदस्य बिनविरोध.’ हे धादांत खोटे आहे. सन १९७४ साली या वॉर्डात दोन उमेदवार होते. एक आप्पा खोत आणि दुसरी अर्जदार. आप्पांना दोनशे बारा मते पडली. अर्जदारास सात.

२. आमच्या वाडीची रीत आपणांस ठाऊक नसेल, म्हणून सांगणे भाग आहे. निवडणूक आली की देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, बैठक बसते. मध्ये नारळ ठेवतात. मानकरी ज्याचे नाव घेतील त्याने नारळ उचलायचा, की झाली निवडणूक. मग दुसऱ्या कोणी फॉर्म भरायचा नाही. बायका सहाणेच्या खाली, माडाला टेकून उभ्या. त्या साली नगरपरिषदेने वाडीला पहिला सार्वजनिक नळ दिला, तो खोतांच्या अंगणात बसला. अर्जदार तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि दोन हंडे घेऊन रोज त्या अंगणात ताटकळत होती. नारळ आप्पांनी उचलला, आणि दुसऱ्या दिवशी अर्जदाराने फॉर्म भरला. निशाणी शिवणयंत्र मिळाली.

३. निकालाच्या दिवशी वाडी हसली, हे कबूल आहे. अर्जदाराचे यजमान कै. सखाराम तेव्हा बोटीवर होते. त्यांचे पत्र सोबत जोडले आहे. त्यात ते लिहितात, ‘उभी राहिलीस ते बरं केलंस. बोट एडनला आहे, नाहीतर माझं धरून आठ झाली असती.’ अर्जदाराने हे पत्र पन्नास वर्षे ट्रंकेत जपले. बिनविरोध निवडणुकीत हरलेल्या बायकोला कोणता नवरा असे पत्र लिहितो, हे कार्यालयाने सांगावे.

४. आपले लिपिक म्हणतात, त्या सालचे रजिस्टर वाळवीने खाल्ले, म्हणून वाडीतल्या जाणत्या माणसाला विचारून मजकूर लिहिला. जाणता माणूस म्हणजे आप्पा खोतच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! दोनशे पाच मतांनी जिंकलेल्या माणसाला ती सात मते अजून बोचतात, याचे अर्जदारास आश्चर्य वाटते आणि थोडे बरेही वाटते.

५. कागदच पाहिजे असेल तर तो आपल्याच कार्यालयाचा आहे. निकालापासून वाडीत अर्जदाराच्या घरास ‘सात मतांचं घर’ म्हणतात. चिडवायला ठेवलेले नाव आता पोस्टमनच्याही तोंडी बसले आहे. आमचे शेजारी दीपक यांना आपल्या पाणी विभागाने मागील वर्षी नोटीस धाडली, तिच्यावर पत्ता आहे : ‘सात मतांच्या घराशेजारी, बंदरवाडी.’ खाली कार्यालयाचा गोल शिक्का. आता ही सात मते पडलीच नसतील, तर दीपक कोणाच्या शेजारी राहतो?

६. त्या सातांपैकी एक मत अर्जदाराचे स्वतःचे. उरलेली सहा कोणाची, याचा वाडीने फार शोध घेतला. पत्ता लागला नाही. पण पुढे वर्षानुवर्षे एकेक बाई येऊन परसदारी अर्जदाराच्या कानात सांगून गेली, ‘सोनू, त्या सातात एक मी होते गो.’ अशा आजवर एकोणीस जणी झाल्या. पैकी हयात अकरा. अकराही जणींनी आता उघडपणे लिहून दिले आहे. आनंदीबाई आणि गंगुबाई यांनी अंगठे दिले आहेत. सहांत अकरा कशा बसल्या, हा हिशोब कार्यालयाने करू नये. ज्या त्या दिवशी भ्यायल्या, त्यांना आज भ्यायचे नाही, एवढेच त्यातून घ्यावे.

७. एवढ्या जुन्या मढ्याला आता का उकरता, असे आपण विचाराल. यंदा आमची जागा स्त्रियांसाठी आहे. सहाणेवर नारळ पुन्हा खोतांच्याच सुनेपुढे ठेवला. अर्जदाराची सून दर्शना, जिची वाडीत पिठाची गिरणी आहे, ती खालून म्हणाली, मी फॉर्म भरणार. तेव्हा आप्पांनी आपल्या कार्यालयाच्या मसुद्याची प्रत खिशातून काढून पान ४१ मोठ्याने वाचले आणि म्हणाले, ‘आपल्या वाडीत कधी कोणी आडवा फारम भरलान नाय. सरकारी पुस्तकात लिवलंय.’ त्या दिवसापासून अर्धी वाडी दळण घेऊन पलीकडच्या वाडीत जाते. म्हणजे आपले पुस्तक छापून होण्याआधीच कामाला लागले आहे.

८. अर्जदारास खुर्ची नको, सत्कार नको, नारळ तर नकोच. हरणे हे लाजेचे नाही. हरलेले पुसून टाकणे लाजेचे आहे. दर्शना हरली तरी चालेल, पण या वाडीत उभी राहणारी ती पहिली आहे, असे तिला कोणी भिववू नये. ती दुसरी आहे. तरी पान ४१ वर ‘बिनविरोध’ हा शब्द खोडून ‘सोनूबाई सखाराम भाटकर : सात मते’ असे लिहावे. तसे न झाल्यास प्रकाशनाच्या दिवशी अर्जदार अकरा जणींसह पहिल्या रांगेत बसेल, आणि पान ४१ ची वेळ आली की उभी राहील. उभे राहण्याची तिला सवय आहे.

आपली, नम्र परंतु बिनविरोध नव्हे,

(सही)
सोनूबाई सखाराम भाटकर
पराभूत उमेदवार, वॉर्ड क्र. ३, सन १९७४

दिनांक : २४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) कै. सखाराम यांचे पत्र (मूळ प्रत दाखवू, देणार नाही)
२) पाणी विभागाची नोटीस, शिक्क्यासह
३) अकरा जणींचे लेखी म्हणणे
४) दर्शनाचा उमेदवारी अर्ज : सोबत जोडलेला नाही. तो ठरल्या दिवशी, ठरल्या खिडकीवर येईल. सूचक म्हणून सही अर्जदाराची असेल.