जळालेल्या फ्लॅशची वाटणी

मी, प्रीतम डोमाजी खंडारे, वय अठ्ठावीस, धंदा फोटोग्राफी, मूळ राहणार अंजनगाव सुर्जी, हल्ली मुक्काम अमरावती, कठोरा नाक्याजवळ, मनकर्णाबाई राऊत यांच्या घरातली वरची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावलं नाही, फूस लावली नाही, पाजलेली नाही. दबाव टाकायला खोलीत दुसरं कोणी असावं लागतं, ते नाही.

या वयात मृत्युपत्र कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. लहानपणी मला ताप यायचा आणि गुडघे सुजायचे. आई, कैलासवासी म्हणत नाही, आमच्यात म्हणत नाहीत, दिवंगत सुंदराबाई, म्हणायची, पोरगं वाढून राहिलं म्हणून दुखते. त्या तापाने हृदयाची एक झडप खाल्ली होती. ते कळलं एवढ्यात, चिखलदऱ्याच्या चढावर, एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढताना दम लागला तेव्हा. मुलगी म्हणाली, "दादा, तुमीच बसा जराक, आमी थांबतो." येत्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितलं, झडपा दोन प्रकारच्या असतात, एक धातूची, एक जनावराच्या पेशींपासून केलेली. मी विचारलं, सर, यातली कंपनीची कोणती आणि लोकल कोणती? ते हसले नाहीत. धातूची ठरली. टिकते म्हणे, पण जन्मभर गोळी खावी लागते.

विषय निघालाच म्हणून सांगतो, हाच प्रश्न मी दहा वर्षं रोज सोडवत आलो. कॅमेरा एकदा घेतला की माणूस सुटत नाही. बॅटरी कंपनीची घ्यायची की डुप्लिकेट, फ्लॅश कोणता, ट्रायपॉड कोणता. माझ्या कॅमेऱ्यात डुप्लिकेट बॅटरी टाकली की तो पडद्यावर विचारतो, ही बॅटरी ओळखीची नाही, तरी चालू ठेवायचं का? मी दर वेळी हो दाबतो. एवढं अदबीनं मला दुसरं कोणी काही विचारत नाही. असो. वाटणीकडे येतो.

कलम एक. घर, शेत, प्लॉट माझ्या नावावर काही नाही. अंजनगावच्या घरातला माझा हिस्सा मी बहीण संध्या हिला आधीच सोडून दिला आहे. बँकेत जे असेल तेही तिचंच. ती अकोल्याला जठारपेठेत राहते. दर रविवारी फोन करते आणि पहिलं वाक्य हेच, "कुठं आहेस?" धारणी, खामगाव, बुऱ्हाणपूर, मी कुठेही असू शकतो, एका गावात दम निघत नाही, म्हणून ती तब्येतीच्या आधी गाव विचारते. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "आता तरी एका जागी पडून राहशीन." या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

कलम दोन. मोटारसायकल भाऊजींना. तिचा मागचा ब्रेक लोकल आहे आणि चांगला लागतो. भाऊजी नाक मुरडतील, पण बदलू नये.

कलम तीन. कॅमेरा, दोन्ही लेन्स आणि बॅग माझी भाची प्रियदर्शनी हिला द्यावी. ती नववीत आहे आणि मामापेक्षा तिची नजर सरळ आहे. तिला दुकानदार फसवतील, म्हणून इथेच लिहून ठेवतो. लेन्सचं झाकण, समोरचा ऊन अडवणारा हूड, गळ्यातला पट्टा, हे बेलाशक लोकल घे. प्लास्टिक ते प्लास्टिक, त्यावर कंपनीचं नाव छापलं म्हणून सावली जास्त पडत नाही. ट्रायपॉड लोकल चालतो, पण वजनदार पाहून घे, हलका वाऱ्यानं पडतो. मेमरी कार्ड मात्र कंपनीचंच, तेही पक्क्या बिलाचं. कार्ड गेलं तर नवरी परत उभी राहत नाही. बॅटरी एक कंपनीची ठेव, एक डुप्लिकेट. डुप्लिकेट आधी वापर, संपली की कंपनीची. डुप्लिकेट फुगली तर ती लगेच बाहेर काढ, फुगलेली आत अडकते आणि मग कॅमेराच उघडावा लागतो. लेन्समधली मोठी कंपनीची आहे. लहान दुसऱ्या कंपनीची आहे, पण तिच्यातून चेहऱ्याचा फोटो मोठीपेक्षा गोड येतो. का येतो ते मला माहीत नाही. मी बीए दुसऱ्या वर्षाला सोडलं.

कलम चार. हार्ड डिस्क. यात अमरावती, अकोला, दर्यापूर, अकोट इकडच्या लग्नांचे फोटो आहेत. कोणी मागायला आलं तर हुडकून द्यावे, नाही म्हणू नये. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी फ्रेममध्ये लावायला माझा फोटो शोधाल तर सांगून ठेवतो, माझे जेवढे फोटो आहेत ते सगळे लाईट चेकचे आहेत. पाहुणे यायच्या आधी स्टेजवर कोणाला तरी उभं करून फ्लॅश मारून पाहावा लागतो, तिथे मी उभा राहायचो. नवरदेवाची जागा, पाठीमागे फुलं, नाव दुसऱ्याचं. त्यातला एक, ज्यात डोळे उघडे आहेत, तो घ्यावा. मागचं नाव कापून टाकावं. जेवणात आलूची भाजी, पोळी आणि बुंदी ठेवावी. भाषणं नकोत. सांगण्यासारखं कोणाजवळ काही नाही आणि उगाच कोणी बनवून सांगेल.

कलम पाच. माझा जळालेला फ्लॅश पियुष वामनराव भुयार, राहणार मोर्शी, यास द्यावा. त्याने तो आपल्या दुकानात काउंटरवर, गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा आणि कोणी विचारलं, हा कशानं जळाला, तर खरं सांगावं.

(कलम पाच एक रेघ मारून खोडले आहे. शेजारी माझी सही आहे. प्रीतम खंडारे.)

कलम सहा. कलम पाच का खोडलं ते.

पियुष आणि मी मिळून लग्नं करायचो. तो मोर्शीचा, घरी संत्र्याचा बगीचा, वडील वामनराव शिस्तीचे, त्यामुळे त्याच्याकडे सगळं कंपनीचं. माझ्याकडे सगळं लोकल. दोघांच्या बॅगा शेजारी ठेवल्या की तो आपली जरा बाजूला सरकवायचा. "साथ लागन," म्हणायचा. मी हसायचो. खरंच हसायचो, तेव्हा राग नव्हता.

तीन वर्षांमागं मे महिन्यात अकोल्याला एक लग्न होतं. अकोल्याचा मे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. मंडपात पंखे गरम हवा ढकलत होते. हार घालायची वेळ आली आणि पियुषचा फ्लॅश थांबला. कंपनीचा फ्लॅश फार तापला की स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतो. त्याच्यात तशी सोय असते. माझ्या लोकल फ्लॅशला तेवढी अक्कल नव्हती. तो चालत राहिला. हार पडले, अक्षता पडल्या, दोन्हीकडच्या आयांनी डोळे पुसले, ते सगळं मी घेतलं. मग फ्लॅशमधून धूर निघाला, प्लास्टिक वितळलं, नवरीच्या मावशीच्या पदरावर ठिपका पडला आणि मंडपात बोंब झाली, "आग लागली, आग लागली!"

मुलीचे वडील धावत आले. "काय झालं? फोटो आले का नाही?"

पियुष माझ्याकडे पाहून त्यांना म्हणाला, "काका, यानं डुप्लिकेट सामान आणलं. मी कवाचा सांगून राहिलो. सामान डुप्लिकेट, तर माणूस काय ओरिजिनल असन?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो, सवयीनं. त्या अल्बममधले हार घालतानाचे सगळे फोटो माझ्या फ्लॅशचे आहेत, कारण त्या वेळी त्याचा फ्लॅश मेलेला होता. हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, तिसऱ्या कोणाला माहीत नाही. त्यानंतर त्याने मला बोलावलं नाही. मी गेलो नाही. पण ते वाक्य पसरलं. इथल्या नवाथे भागातल्या एका डेकोरेशनवाल्यानं तर माझा नंबरच "डुप्लिकेट फोटो" नावानं सेव्ह केला आहे. त्यानं स्वतःच दाखवला, प्रेमानं.

म्हणून कलम पाच लिहिलं होतं. खूप सुंदर जमलं होतं. दोनदा वाचलं आणि चहा ठेवला.

मग कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारे बुधाजी आहेत, त्यांच्याकडे कागद दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"साक्षीदार कोन?"

"किती लागतात?"

"दोन. अन् ज्याले काई देऊन राहिला त्याले उभा नको करू. त्याच्या बायकोलेबी नाही. उद्या कोणी बोट दाखवते."

"जळालेला फ्लॅश देला तरी?"

"जळालेलं लाकूड देलं तरी. देनं म्हंजे देनं."

घरी येऊन मोजायला बसलो. बहीण गेली, भाऊजी गेले, भाची लहान. राहिल्या घरमालकीण मनकर्णाकाकू. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "करतो सही, काई बिघडत नाही. मले काई देऊ नको, फक्त भिंतीतले खिळे काढून ठेवजो. अन् मरू नको बाप्पा, नवा भाडेकरू पाहाचा मले कटाळा येते." म्हणजे एक झाल्या.

दुसऱ्यासाठी फोन उघडला. त्यात नावं भरपूर आहेत. नवरदेव अकोट. नवरी दर्यापूर. मंडप परतवाडा. बँडवाले भाऊ. नवरीचा मामा, रडणारा. यातल्या कोणाला फोन करून सांगू, मी मरायच्या तयारीत आहे, जरा येऊन सही करता का? ते विचारतील, कोण बोलून राहिलं? आणि मी म्हणीन, फोटोवाला. रस्त्यावरचा कोणीही चालतो, असं बुधाजी म्हणाले. चहाच्या टपरीवरचे दोघे उभे करू, शंभरदा केलं आहे, हेही तेच म्हणाले. कायद्याने ते चालतंच असेल. पण माझ्या शेवटच्या कागदावर, हा माणूस आमच्या ओळखीचा आहे असं लिहून सही करणाऱ्याला माझं नावही माहीत नसावं, हे मला चाललं नाही. एवढी एकच गोष्ट मला कंपनीची पाहिजे होती. एक तरी सही अशा माणसाची, ज्याने मला पाहिलं आहे.

असा माणूस एकच आहे. आणि त्याचं नाव कलम पाचमध्ये होतं.

दिवसभर दोन्हीकडून विचार केला. फ्लॅश द्यायचा तर पियुष येणार नाही, फ्लॅश पार्सलनं जाईल, आणि मी गेल्यावर जाईल. त्याचं तोंड पाहायला मी नसणार. त्याला बोलवायचं तर फ्लॅश द्यायचा नाही, त्याला काहीच द्यायचं नाही. शेवटी फोन लावला. लागेल असं वाटलं नव्हतं.

"बोल," तो म्हणाला. नंबर त्यानं पुसला नव्हता.

"एक सही पाहिजे तुही."

"जामीन गिमीन राहत नाही मी कोनाले."

"मृत्युपत्रावर."

"कोनाच्या?"

"माह्या."

मागे त्याच्या दुकानात कोणी पासपोर्ट साइज मागत होतं. त्याने त्याला थांब म्हटलं.

"काय झालं बे तुले?"

मी सांगितलं. झडप, नागपूर, सगळं. मग तो म्हणाला, "अन् मले काय देऊन राहिला?"

"काई नाही. देलं तर तुले सही करता येत नाही."

"लेका, तीन वर्षांनं फोन केला, तो बी काई नाही द्याले."

"येशीन का?"

"रविवारी दुकान बंद राहते," तो म्हणाला आणि फोन ठेवला. येतो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

म्हणून कलम पाच खोडलं. रेघ एकच मारली, कारण गिचमिड केली तर कोर्ट संशय घेतं, असं बुधाजींनी सांगितलं आहे. एका रेघेखालचं वाचता येतं, त्याला मी काय करू?

कलम सात. जळालेला फ्लॅश कोणालाच देऊ नये. दुरुस्त करू नये, होत नाही. आत सगळं एकजीव झालं आहे. माझ्यासोबतही ठेवू नये, प्लास्टिकचा फार वास येतो. संध्याने त्याचं काय करायचं ते करावं.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. यात जे लिहायचं राहिलं असेल ते नसलंच असं समजावं. मी वाचलो तर हा कागद मी स्वतः फाडीन. न वाचलो तर संध्याने रडत न बसता आधी कॅमेऱ्यातली बॅटरी काढून ठेवावी.

ठिकाण: अमरावती
दिनांक: १२ जानेवारी २०२५, रविवार

सही: प्रीतम डोमाजी खंडारे

साक्षीदार पहिला: प्रीतम याने माझ्यासमोर सही केली. पोरगा भाडं वेळेवर देतो आणि आवाज करत नाही. सही: मनकर्णा राऊत, अमरावती.

साक्षीदार दुसरा: प्रीतम खंडारे याला मी ओळखतो. त्याने माझ्या डोळ्यासमोर शुद्धीत सही केली. पूर्ण कागद वाचला, खोडलेलं पण वाचलं. साक्षीदाराने सहीपुरतंच लिहायचं असते असं हा म्हणून राहिला, तरी लिहितो. अकोल्याच्या त्या लग्नात बंद पडला तो माझा फ्लॅश होता. हाराचे फोटो यानं काढले. हे मी पाहिलं आहे. सही: पियुष वामनराव भुयार, मोर्शी.