कोपरा फाटलेलं कार्ड

रत्नागिरी, १२ सप्टेंबर १९७८

गोदाताईले अन् मायले जागेश्वरचा पाया पडून नमस्कार.

ताई, घाबरू नोको. कार्डाचा कोपरा मी फाडला नाही. इथली हवा खारट, पेटीतलं कार्ड ओलं होऊन चिकटलं होतं, उचलताना कोपरा निघाला. दुसरं कार्ड नाही. अक्षर पाह्य, माहंच आहे.

आजा गेल्याचं कळवाले मामानं असंच कोपरा फाडून कार्ड धाडलं होतं, अन् मायनं ते घरात न नेता अंगणातच फाडलं. म्हणून आधी तिले सांग, मग वाच.

काम बरं आहे. तुमसरच्या राईस मिलचं इंजिन अन् मासेमारीच्या नावेचं इंजिन सारखंच. फक्त इथं पायाखाली जमीन नाही. माह्या आधीचा इंजिनवाला लाटेत गेला, सापडला नाही. त्याचा सदरा अजून खुंटीले आहे.

मायच्या धान रोवण्याच्या गाण्याच्या चालीवर मी समुद्राचं गाणं जुळवलं:

लाट आली काठावर, माह्या पावलाचा ठसा नेला,
सांगा कोणी मायले, दिस गेला, पोर गेला.

गाण्यातला पोर मी नोहोय. तरी दुसरी ओळ मायले म्हणून दाखवू नोको. तिचा खोकला कसा आहे? शेतातली बोडी पावसाच्या पाण्यानं भरली काय?

उद्या सकाळी नाव निघते. मालक म्हणते, आभाळ भरलं तरी जावंच लागते. दिवाळीनंतर सानगडीच्या मंडईले, जत्रा पाहाले, येतोच.

पुढलं कार्ड दुसऱ्याच्या अक्षरातलं आलं, तर कोपरा तूच पाहाजो. मायच्या हाती देऊ नोको.

तुहा भाऊ,
जागेश्वर