बाबांची ॲडलर

ख्राइस्टचर्च, रविवार

ती. सुलभाताईस जगदीशचा नमस्कार.

आम्ही येथे सुखरूप आहोत.

"ॲडलर टाइपरायटरवाले मोटारीही बनवायचे, असं सांगत सुटलेत बाबा. भ्रम व्हायला लागलाय," असे तू फोनवर म्हणालीस आणि मीही दुजोरा दिला. आज जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात ॲडलर मोटार प्रत्यक्ष पाहिली.

"युअर डॅड्स राइट, मेट," मालक हसून म्हणाला. या जर्मन कंपनीने आधी सायकली, मग टाइपरायटर आणि मोटारी बनवल्या. महायुद्धानंतर मोटारी बंदच झाल्या.

तेव्हा डॉक्टरांसाठी केलेल्या यादीतून एवढे कृपया वगळ. गॅस चालू राहिल्याचे मात्र अवश्य राहू दे. बाबा वेळेवर जेवतात ना?

मोटारीचा फोटो सोबत आहे. तो बाबांना दाखवण्यापूर्वी, आपण दोघे चुकलो, हे त्यांना सांग.

तुझा,
जगदीश