जिना झाडायची पाळी

प्रिय ऋचा,

काल फोनवर तू रडलीस आणि मी गप्प राहिले. भर सभेत कुणाला न सोडणारी तुझी आई अशी कशी मुकी झाली, असं तुला वाटलं असेल.

श्टुटगार्टच्या नव्या घरात तुम्ही नुकते कुठे स्थिरावताय, तोच शेजारच्या जर्मन आजींनी न बोलता तुमच्या दाराला पाटी अडकवली: या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. तू म्हणालीस, “आई, भारतीय दिसलो म्हणून यांना आम्ही झाडूवाले वाटलो.” तुझ्या नवऱ्याने, सारंगने, पैसे देऊन बाई लावली, तर आजी आणखीच फुगल्या. अगं, पण त्याआधी त्याच आजी गुडघे टेकून जिना पुसत होत्या, हे तूच सांगितलंस ना? ती पाटी दारोदार फिरते. झाडू हातात घेतला की माणूस हलका होतो, ही समजूत तिथली नाही. ती तुम्ही इकडून सामानात नेलीत आणि विमानतळावर तिचं वजनही कुणी केलं नाही.

आम्ही इथे सिंगापुरात जुरोंग ईस्टला राहायला आलो, तेव्हा मी खिडकीबाहेर कपडे वाळवायच्या बांबूवर ओली साडी टाकली. खालच्या मजल्यावरची रोहाना तरातरा वर आली. “आंटी, तुमची साडी माझ्या चादरीवर रडतेय, ला,” शेवटी ‘ला’ लावायच्या इथल्या लकबीत ती म्हणाली. मी भांडले, तीही भांडली. आता बांबू बाहेर काढण्याआधी आम्ही एकमेकींना हाक मारतो. एकोप्यावर मी भाषणं पुष्कळ ठोकली. एकोपा कळला तो त्या भांडणात. पाहुण्याच्या हातात कुणी झाडू देत नाही, ऋचा. तो घरच्या माणसालाच मिळतो.

अन्याय झाला तर मी गप्प बसणार नाही. तुम्ही घर शोधताना आडनाव ऐकून एका घरमालकाने फोन आपटला, तेव्हा त्याच्याविरुद्धचं पत्र मीच लिहून दिलं, पुन्हाही देईन. पण आजींविरुद्ध तू मागितलेलं तक्रारपत्र मी लिहिणार नाही.

सारंग इथल्या पाया लेबारमधल्या नोकरीची चौकशी करतोय, हेही मला कळलं. तुम्ही इथे यावं असं मला इतकं वाटतं की काल फोन ठेवल्यावर मी मागची खोली आवरायला घेतली. मध्येच थांबले आणि हे लिहायला बसले. ये, पण जिन्याला घाबरून येऊ नकोस. शनिवारी दोघं मिळून जिना झाडा. मग पाटी पुढच्या दाराला तू स्वतः लाव. फक्त आजींनी जे केलं नाही ते कर: आधी बेल वाजव, आणि नीट समजावून सांग.

तुझीच,
आई