दिगूची बाबागाडी

पनवेल, रविवार

आये, तुला आनि आबांना हितनंच वाकून दंडवत.

आमी बरी हाय. दिगूबी बरा हाय, पोटभर पितो, लय शांत झोपतो. तुजा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

हे ज्या जहाजावर सैपाकाला हायत, तिथं आमाला चार दिस फिरायला नेनार हायत. म्हनून काल बाबागाडी घ्यायला गेलो. जहाजावरली खोली लय बारकी, म्हनून हे टेप घिऊन आलते. गाडी मिटून पलंगाखाली जावी आनि जहाज हललं तरी चाकं जागची हलू नयेत, येवढंच ह्यांचं म्हननं.

मी मातर पाठ पार आडवी हुनारी मागितली. दुकानदारानं इचारलं, बाळ किती म्हैन्यांचं? मी म्हनलं, चार.

दिगूला अकरावा लागलाय, आये. आजून मान धरत न्हाई. ह्यांनी ऐकलं आनि मापलेलं चाक परत मापत बसले. जहाजावरनं आलो की डॉक्टरला दावायचं ठरवलंय.

फोनवर आबा शेजारी असत्यात, म्हनून लिवते. सासूबाईंना यातलं काय कळू दिऊ नको.

एक इचारायचं हुतं. ज्यांना कळपामागं चालवत न्हाई अशी कोकरं आबा घोड्यावर घालून न्यायचे. ती पुढं मोठी झाल्यावर चालायला लागायची का गं? आबांना इचारून कळव. कुनासाठी ते सांगू नको.

तुजी लेक,
माया